मिसिंगचा माग

मराठी गॅरेजात 'मिसफायर' हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. तिथला शब्द 'मिसिंग'. गाडी मिसिंग मारते, चढावर मिसिंग येते, दोन नंबरला मिसिंग आहे. इंग्रजीतले हे क्रियापदाचे रूप आपल्या मिस्त्र्यांनी सरळ नाम करून टाकले आणि मग ते रोगाच्या नावासारखे वापरायला सुरुवात केली. ताप येतो तशी मिसिंग येते. परिभाषाकोश तयार करणाऱ्यांनी या शब्दाकडे आदराने पाहावे असे मला वाटते. 'मिसफायर' म्हटले की बार फुसका गेला एवढेच कळते. 'मिसिंग' म्हटले की ऐकणाऱ्याने इंजिनाचा ठेका मनात धरला होता आणि त्यातली एक मात्रा गळली, हेही कळते.

ठेका खरोखरच असतो. पद्मिनी असो की जुनी ॲम्बॅसिडर, चार सिलिंडरांची पाळी एक, तीन, चार, दोन या क्रमाने येते. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा पेटतो. त्यातला एक मेला की सेकंदाला सहा-सात पाळ्या रिकाम्या जातात. कानाला त्या सुट्या मोजता येत नाहीत, पण मडगार्डवर टेकवलेल्या तळव्याला थरथर लगेच समजते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या हाताला वाफारा अडखळत येतो.

पुढचे काम अवघड. सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण, ते दाबून धरणारा घट्ट सिलिंडर आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. यांपैकी काहीही चुकले तरी ड्रायव्हरला जाणवते ते सारखेच. गाडी झटके खाते, ओढत नाही, सिग्नलला बंद पडते. लक्षण एक आणि कारणे पाच-पंचवीस. म्हणून मोटारदुरुस्तीचा इतिहास हा बराचसा दोष ओळखण्याचा इतिहास आहे. बिघडलेला भाग एकदा कळला की तो बदलायला पुष्कळदा पंधरा मिनिटे पुरतात. दोष ओळखायचा कोणी, कशावरून, आणि ओळखण्याचा अधिकार कोणाकडे, हे गेल्या एकशे पस्तीस वर्षांत कसे बदलत गेले ते इथे पाहायचे आहे.

*

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पेट्रोलपंप ही वस्तू जगात नव्हती. वाटेत वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रॉइन नावाचा डाग काढायचा द्रव घेतला आणि तोच इंधन म्हणून टाकीत ओतला. ही हकीकत मोटारीच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत साहसकथा म्हणून येते. मला तिच्यातले दोन तपशील जास्त मोलाचे वाटतात. इंधनाची नळी तुंबली तेव्हा बर्थाने टोपीची पिन घालून ती साफ केली. ठिणगीच्या तारेचे आवरण घासून तार उघडी पडली तेव्हा मोज्याचा पट्टा गुंडाळून ती झाकली. अशी ती हकीकत सांगितली जाते.

एक दोष इंधनाचा आणि एक ठिणगीचा. पुढे प्रत्येक मिस्त्री ज्या पहिल्या प्रश्नाने सुरुवात करणार होता, 'पेट्रोल येत नाही की करंट येत नाही?', तो या पहिल्याच लांबच्या प्रवासात विचारून झाला होता. आणि तो गाडी चालवणारीने विचारला, कारण मिस्त्री नावाचा माणूस अजून जन्माला यायचा होता.

स्वतः कार्ल बेंझच्या लेखी सगळ्या अडचणींची मूळ अडचण ठिणगीचीच होती. त्याने बॅटरी आणि थरथरती कॉइल वापरली. डाइमलरने तापवलेल्या नळीने मिश्रण पेटवले; बाहेरचा बर्नर वाऱ्याने विझला की इंजिन थंड. बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. या यंत्रांची वंशावळ मोठी आहे, ती इथे नको. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गाडी म्हणजे फोर्डची मॉडेल टी.

१९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक मॉडेल टी बनल्या. तिच्यात चार सिलिंडरांना चार वेगळ्या कॉइल होत्या, ड्रायव्हरसमोर लाकडी पेटीत बसवलेल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक स्प्रिंगची पट्टी आणि पाळी आली की ती गुणगुणे. कोणता सिलिंडर मेला हे शोधायची रीत फोर्डच्या मालकपुस्तिकेतच दिली होती. पेटीचे झाकण काढायचे, दोन पट्ट्या बोटांनी दाबून धरायच्या आणि उरलेल्या दोन सिलिंडरांवर इंजिन कसे चालते ते ऐकायचे. मग बोटे बदलायची. जिची पट्टी दाबल्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, तिचा सिलिंडर आधीच मेलेला. शेतकऱ्याने शेताच्या बांधावर, दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय करायची ही चाचणी होती. दोष मालकाच्या नाकासमोर होता आणि तो शोधण्याची विद्या मालकाच्या हातात छापून दिलेली होती.

चार्ल्स केटरिंगने ही गुणगुणारी पेटी काढून टाकली. १९१० च्या कॅडिलॅकसाठी त्याच्या डेल्को कंपनीने दिलेल्या रचनेतून पुढे जी पद्धत रूढ झाली ती अशी: एक बॅटरी, एक कॉइल, पॉइंटांची एक जोडी, एक कंडेन्सर आणि ठिणगी पाळीपाळीने वाटणारा डिस्ट्रिब्युटर. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये प्रवाह साठतो. ते उघडले की प्रवाह एकदम तुटतो आणि त्या झटक्याने हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून कंडेन्सर. ही रचना इतकी स्वस्त आणि पुरेशी होती की साठ वर्षे जगभरच्या मोटारी तिच्यावर चालल्या. आपल्याकडे त्याहून जास्त.

पण दोष आता काळ्या टोपीखाली गेला. पॉइंटमधले अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. ते घासून कमी झाले की ठिणगी दुबळी होते आणि टायमिंगही सरकते. कंडेन्सर तर दिसायला शेवटपर्यंत नवाच. माझ्या मते मिस्त्री नावाचा व्यवसाय खऱ्या अर्थाने इथे जन्मला. दोष पाहण्याची जागा गेली आणि अनुमानाची सुरू झाली. पुढे अमेरिकेत शिकागोच्या सन इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी ठिणगीचा आलेख पडद्यावर दाखवणारी यंत्रे गॅरेजांना विकली. आपल्या छोट्या गॅरेजांना ती परवडणारी नव्हती. त्यांचे काम कानावर, बोटांवर आणि एका टेस्ट लॅम्पवर चालले.

*

मुंबईत मोटारी जोडण्याचे काम जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्ये सुरू केले होते. पण इथली सर्वांत दीर्घायुषी गाडी आली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून. फियाट ११०० तिथे १९५४ मध्ये आली, १९६४ मध्ये तिचे 'डी' रूप आले आणि सत्तरच्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. इटलीत फियाटने ११०० चे उत्पादन १९६९ मध्येच थांबवले. कुर्ल्यात ते विसावे शतक संपेपर्यंत चालले.

त्यामुळे 'जुनी गाडी' या शब्दांचा आपल्याकडचा अर्थ वेगळा आहे. युरोपात जुनी गाडी म्हणजे पुष्कळ वर्षे चाललेली. आपल्याकडे शोरूममधून कालच आणलेली गाडीसुद्धा रचनेने तीस वर्षे जुनी असे. परवाना पद्धतीच्या काळात ती मिळवायला वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि एकदा मिळाली की ती मोडीत काढण्याचा विचारही कोणी करत नसे. केटरिंगची पॉइंट-कंडेन्सरची पद्धत पश्चिमेत सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशनने मागे सारली. आपल्या मिस्त्र्यांना तीच पद्धत आणखी पंचवीस वर्षे, नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांवर, रोज हाताळायला मिळाली. सक्तीने आलेल्या या सरावातून त्यांची विद्या तयार झाली.

ती कुठे लिहिलेली नव्हती. उस्तादाकडून पोऱ्याकडे गेली, आणि बरीचशी शिव्यांसकट. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडले तर तो सिलिंडर जिवंत. फरक पडला नाही तर तोच मेलेला. मॉडेल टीच्या पट्ट्या बोटांनी दाबण्याचीच ही चाचणी, फक्त आता करंटचा झटका खायची तयारी हवी. प्लगचा गॅप मोजायला फिलर गेज नसले तर हॅकसॉच्या पात्याचा तुकडा, कारण त्याची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर भरते. पावसाळ्यात गाडी सुरू झाली नाही की डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसायची आणि आत पेन्सिलच्या रेघेसारखी बारीक काळी रेघ दिसते का पाहायची. ती रेघ म्हणजे ठिणगीने प्लगपर्यंत जाण्याऐवजी शोधलेली चोरवाट. वायरीतून गळती असेल तर रात्री दिवे बंद करून बॉनेट उघडायचे. अंधारात निळे कोळ्याचे जाळे चमकताना दिसते.

प्लग वाचणे हा या विद्येचा मानाचा भाग. टोक विटकरी-तपकिरी असेल तर सगळे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते. तेलकट ओले म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हकडून ऑइल वर येते. पांढरा, फोड आल्यासारखा म्हणजे मिश्रण पातळ किंवा टायमिंग चुकलेले. यातली विटकरी खूण पुढे कशी फसवी ठरली, ते सांगण्याआधी घाटात थांबायला हवे.

*

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खंडाळ्याच्या घाटात, एप्रिल-मेच्या दुपारी, कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग हे साठ ते नव्वदच्या दशकांतले नेहमीचे दृश्य होते. बरीच रेडिएटर उकळलेली. पण काहींचे पाणी ठीक असे आणि तरी गाडी अचानक धक्के खाऊन बंद पडलेली असे. त्यांच्या पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनाला चिकटलेल्या छोट्या डायफ्रॅम पंपावर, ओले फडके टाकलेले दिसे. 'एअर धरली' हे त्यावरचे निदान. नळीतले पेट्रोल उष्णतेने वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही, कार्बोरेटर कोरडा पडतो. फडके ओले करा, अर्धा तास थांबा, गाडी सुरू होते.

हे निदान पुष्कळदा बरोबर असे. पण हे अर्ध्या तासाचे प्रकरण जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. कंडेन्सर किंवा कॉइल म्हातारी झाली की तीही तापल्यावर बंद पडते. थंड असताना ठिणगी उत्तम; तासभर चढ चढला, बॉनेटखालचा भाग तापला की आतली गुंडाळी किंवा आवरण दगा देते आणि ठिणगी नाहीशी होते. अर्ध्या तासाने कॉइल निवते आणि गाडी पुन्हा सुरू होते. म्हणजे दोन अगदी वेगळ्या रोगांचे लक्षण एक, वेळ एक आणि बरे होण्याचा काळही एक. ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली याचा अर्थ फडक्यानेच झाली असा होत नाही. थांबण्याने झाली असेल. ज्याची कॉइल जात होती तो माणूस दर सुट्टीत पंपावर फडके टाकत राहिला, पंप बदलून झाला, नळीला ॲसबेस्टॉसची दोरी गुंडाळून झाली आणि गाडी दर वेळी त्याच वळणावर बंद पडत राहिली.

दोन्हींतला फरक ओळखायची संधी फक्त पहिल्या पाच मिनिटांत मिळते. गाडी बंद पडल्या पडल्या, काहीही निवायच्या आत, एका प्लगची वायर काढायची, तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून थोडे दूर धरायचे आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगायचे. निळी, कडकडीत ठिणगी आली तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच तर पंपाला हात लावू नका. चांगले मिस्त्री 'बंद पडली की लगेच बघा, थंड करून माझ्याकडे आणू नका' असे बजावत ते यासाठी. गॅरेजात ओढून आणलेली गाडी तोवर बरी झालेली असते आणि निरोगी गाडीचे निदान होत नाही. पण घाटात मागे हॉर्न वाजत असताना, मुले रडत असताना आणि काका पाण्याची बाटली घेऊन उभे असताना ही पाच मिनिटे कोण वापरणार?

*

काही वेळा दोष गाडीत नसेच. रेशनवरचे केरोसिन स्वस्त आणि पेट्रोल महाग, या फरकातून भेसळीचा धंदा उभा राहिला. केरोसिन लवकर वाफ होत नाही. सकाळी थंड इंजिन पेट घेत नाही, प्लगवर काजळी धरते, चढावर इंजिन ठोके देते, किल्ली बंद केल्यावरही दोन-चार धक्के मारत फिरत राहते. मिस्त्री कार्बोरेटर उघडतो, धुतो, पॉइंट घासतो, टायमिंग मागे घेतो. आठ दिवसांनी गाडी परत. अशा वेळी जुने मिस्त्री आधी तळहातावर पेट्रोलचा थेंब घेत. निखळ पेट्रोल क्षणात उडून जाते, केरोसिन तेलकट राहते. पंपावर फिल्टर पेपरवर थेंब टाकून डाग पाहण्याचा ग्राहकाचा अधिकार हा याच चाचणीचा सरकारी अवतार.

या दोषाचा माग काढणे किती महाग पडू शकते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ इंधनाच्या भेसळीचा प्रकार पकडायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आले. गॅरेजात ज्याला नुसते 'पेट्रोल खराब आहे' म्हणतात, त्याच्या मागे काय उभे असते याचा तो पुरावा होता. मिसिंगच्या कारणांची यादी करताना तांत्रिक पुस्तके इंधनाचा दर्जा एका ओळीत उरकतात. आपल्याकडे ती ओळ एक प्रकरण होऊ शकते.

आता त्या विटकरी खुणेकडे. अमेरिकेत टॉमस मिज्लीच्या गटाने १९२१ मध्ये शोधलेले शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळले की इंजिनाचे ठोके थांबत. सगळ्या जगाने ते सात दशके वापरले आणि त्याचे विष हवेत सोडले. प्लगच्या टोकावरचा तो समाधानाचा रंग बऱ्याच अंशी या शिसेयुक्त पेट्रोलची राख होती. भारतात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. हे फार आधी व्हायला हवे होते. मात्र गॅरेजात त्याचा एक परिणाम असा झाला की चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचे प्लगही फिकट दिसू लागले. तीस वर्षे विटकरी रंग शोधलेल्या डोळ्यांना फिकट म्हणजे 'पातळ मिश्रण' असे वाटले, आणि बऱ्या इंजिनांची जेट विनाकारण मोठी झाली. खूण तीच, पण तिच्यामागचे रसायन बदललेले. शिवाय शिसे व्हॉल्व्हच्या बैठकींचे घर्षण कमी करत असे. ते गेल्यावर जुन्या, लोखंडी हेडच्या इंजिनांत बैठक हळूहळू खचू लागते, टॅपेटचा गॅप मिटतो, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि एका सिलिंडरचा दाब निघून जातो. अशी मिसिंग ठिणगी तपासून कधीच सापडत नाही. कॉम्प्रेशन गेजच लावावा लागतो.

त्याच सुमारास न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. गॅसचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते. पेट्रोलवर तक्रार न करणारी कॉइल, वाढलेला प्लग-गॅप, थोडी चिरलेली टोपी, सगळे गॅसवर उघडे पडले. 'पेट्रोलवर मक्खन, गॅसवर मिसिंग' या तक्रारीवर कित्येक जण गॅसच्या किटला दोष देत बसले. शहाण्यांनी ती चाचणी म्हणून वापरली: दोन्ही इंधनांवर चालवून पाहा, फक्त गॅसवर लंगडते तर आधी ठिणगीची बाजू तपासा.

*

मिसिंग पकडण्याचे काम यंत्राकडे गेले ते धुराच्या कायद्यामुळे. सिलिंडर पेटला नाही की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते. काही मिनिटांत कन्व्हर्टरचे आतले चिनी मातीचे जाळे वितळू शकते. म्हणून कॅलिफोर्नियाच्या नियमांतून आणि १९९६ च्या मॉडेलांपासून सर्व अमेरिकेत, गाडीने स्वतःची मिसिंग स्वतः ओळखलीच पाहिजे असे बंधन आले. भारतात असे स्वयंनिदान एप्रिल २०१० पासून पहिल्या टप्प्यात आणि एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यात सक्तीचे झाले.

यंत्राची पद्धत मात्र ओळखीची आहे. क्रँकशाफ्टवर दातांचे एक चाक असते आणि एक सेन्सर प्रत्येक दाताला किती वेळ लागला ते मोजतो. सिलिंडर पेटला की शाफ्टला ढकल बसते आणि दात भरभर सरकतात. पेटला नाही की त्या पाळीला ते किंचित रेंगाळतात. मडगार्डवर टेकवलेला तळवा जे करत होता तेच, फक्त आकड्यांत. त्याची फसगतही ओळखीची. खड्ड्यातून चाके आदळली की तो धक्का उलट शाफ्टपर्यंत येतो आणि यंत्राला मिसिंगचा भास होतो. म्हणून कित्येक गाड्यांत रस्ता खराब आहे हे ओळखून तेवढा वेळ मोजणी थांबवण्याची सोय करावी लागली. आपल्या रस्त्यांना मिळालेली ही दुर्मीळ तांत्रिक मान्यता म्हणायची.

एक नंबरच्या सिलिंडरला मिसिंग असेल तर कोड येतो पी-०३०१, दोन नंबरला पी-०३०२. नेमका सिलिंडर सापडला नाही तर पी-०३००. हे मोठे काम आहे, त्याला कमी लेखू नये. वायरी काढून झटके खाण्याचा भाग संपला. पण कोड सांगतो ते ठिकाण. प्लग, कॉइल, इंजेक्टर, खचलेला व्हॉल्व्ह, इनटेकच्या पॅकिंगमधून शिरणारी हवा, यांतले नेमके काय, हे बहुधा तो सांगत नाही. आणि कोड वाचायला जे यंत्र लागते, जी माहिती लागते, ती कोणाकडे असावी हा प्रश्न मॉडेल टीच्या मालकाला कधी पडला नव्हता.

भारतात तो भारतीय स्पर्धा आयोगासमोर आला. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची तांत्रिक माहिती आणि निदानाची उपकरणे कंपन्या स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा ठपका त्यात होता. कंपन्यांनी निकालाला पुढे आव्हान दिले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले तेव्हा त्यात मोटारींचाही समावेश होता. निदान हा शब्द वैद्यकातून गॅरेजात आला होता. या प्रकरणाने तो न्यायाधिकरणात नेला. पद्मिनीच्या मिस्त्र्याला कंपनीची परवानगी लागत नसे, कारण त्याच्या विद्येत कंपनीचे असे काहीच नव्हते. आजच्या मिस्त्र्याच्या कामाचा पहिला टप्पा दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तिच्यावर शिकलेले हात मात्र गॅरेजांत आहेत. स्कॅनर लावून पी-०३०१ आला की ते कॉइल लगेच बदलत नाहीत. एक नंबरची कॉइल काढून दोन नंबरवर बसवतात, दोनची एकवर, कोड पुसतात आणि गाडी एक चक्कर मारून आणतात. आता पी-०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेली. एकवरच राहिला तर तीच अदलाबदल प्लगची, मग इंजेक्टरची, आणि तरी कोड हलला नाही तर ट्रॉलीच्या खालच्या खणातून कॉम्प्रेशन गेज बाहेर येतो.